पोटफोड्या ‘ष’ची बारीक रेघ

बेळगावातल्या आमच्या शहापुरातल्या घरी लाकडी कपाटाच्या तळच्या खणात एक खाकी पाकीट आहे आणि त्यात एकाच हँडबिलाच्या अकरा प्रती आहेत. मजकूर सगळ्यांवर तोच आणि कागदही तोच, पिवळट, हलका, आता कडांना भुगा होत चाललेला. आप्पांनी त्या छपाईच्या क्रमाने लावून ठेवल्या होत्या आणि तो क्रम मी अजून मोडलेला नाही. पहिल्या प्रतीवर मथळ्यात ‘मराठी भाषा’ असे स्वच्छ छापलेले आहे. चौथ्या प्रतीवर ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ मध्येच किंचित तुटली आहे. सातव्या प्रतीवर तिची फक्त दोन टोके उरली आहेत, फांदी मोडल्यावर खोडाला राहतात तशी. अकराव्या प्रतीवर रेघ अजिबात नाही, आणि शब्द झाला आहे ‘मराठी भापा’.

ते १९८६ साल होते. कानडीसक्तीविरुद्धच्या आंदोलनाने बेळगाव तापले होते, गल्लोगल्ली सभा होत होत्या आणि हँडबिले छापून घ्यायला माणसे रात्री-अपरात्री दार ठोठावत होती. आप्पांचा छापखाना म्हणजे काही मोठे प्रकरण नव्हते. घराच्या पुढच्या सोप्यात पायाने चालवायचे एक ट्रेडल मशीन, भिंतीला टेकवलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, केसी, शाईचे डबे आणि ती अक्षरे जुळवणारे एक कंपोझिटर. ते जन्माने कानडी, बोलण्यात दोन्हीकडचे. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. हँडबिल घेऊन आलेल्या कार्यकर्त्याला मथळा ‘ठळक’ हवा होता. ठळक छपाईसाठी आप्पांकडे ठोकळ्यासारखा एक टाइप होता, ज्याच्या सगळ्या रेघा सारख्याच जाडीच्या असत. लिलावाच्या आणि बैलगाडी शर्यतीच्या जाहिराती त्यातच लागत. पण त्या रात्री आप्पांचा हात त्या केसीकडे गेला नाही. लग्नपत्रिकांना आणि देवस्थानांच्या उत्सवपत्रिकांना एरवी ते जो वापरत, तो पोथीच्या वळणाचा मोठा टाइप त्यांनी काढला. त्याची जाड रेघ भरदार आणि बारीक रेघ केसासारखी होती. ‘भाषा’ हा शब्द शर्यतीच्या टाइपात लावायचा काय, एवढेच ते म्हणाले.

प्रूफ चांगले निघाले. पहिले दोनशे-अडीचशे कागदही चांगले निघाले. त्यानंतर केव्हातरी, मशीनचा दाब वर्षानुवर्षे सोसलेल्या त्या एका खिळ्याची बारीक रेघ दबून गेली. मशीन चालवणाऱ्याच्या लक्षात ते आले नाही, कारण डोळा शब्द वाचत नाही, ओळखतो, आणि ‘मराठी’च्या पुढे ‘भाषा’ असणार हे त्याने गृहीत धरलेले असते. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ करणारी माणसे होऊन गेली. आमच्या सोप्यात ‘ष’चा ‘प’ झाला आणि तो कोणी केलाही नव्हता. हजार कागदांचा गठ्ठा बांधताना आईने तो पाहिला आणि काही न बोलता बोट ठेवले.

नवा कागद आणायला दुकान उघडे नव्हते आणि सकाळी सातला हँडबिले वाटायला मुले येणार होती. त्या रात्री आम्ही सगळे जमिनीवर सतरंजी टाकून बसलो आणि बिघडलेल्या प्रत्येक कागदावर टाकाने ‘ष’ची रेघ भरली. माझे वय तेव्हा अकरा होते. मी पहिली रेघ ओढली ती चांगली दाबून, जाड, पुसली जाऊ नये अशा बेताने. आप्पा म्हणाले, ‘‘काय करुलालीस गे? त्याचं पोट फाडायचं नाही. नुसतं दाखवायचं.’’ मग त्यांनी माझा हात धरून रेघ ओढून दाखवली: डावीकडून वरून निघायचे, उजवीकडे खाली उतरायचे, टाकावर वजन टाकायचे नाही. जाड झालेले माझे चार-पाच ‘ष’ त्यांनी बाजूला काढले. ते वाचायला अगदी स्पष्ट होते. तरी त्यांच्याकडे पाहिले की कोणीतरी शब्दावर काट मारली आहे असे वाटे.

मराठीत या अक्षराला पोटफोड्या ‘ष’ म्हणतात. शाळेत शेंडीफोड्या आणि पोटफोड्या असे दोन ‘श’ सांगितले जातात आणि मुले हसतात. पण छापखान्यात वाढलेल्या मुलीला हे नाव फार नेमके वाटते, कारण ‘प’ आणि ‘ष’ यांच्यातला सगळा फरक त्या पोटातल्या रेघेत आहे. ‘व’ आणि ‘ब’ यांचेही तसेच. पंचविसेक वर्षे मुद्रितशोधनाचे काम केल्यावर मी हे खात्रीने सांगू शकते, की जाड-बारीक वळणाच्या टाइपात सर्वांत जास्त अर्थ सर्वांत कमी शाईत असतो. काना, शिरोरेघ, अक्षराचा भरीव उतार हे सगळे भारदस्त असते आणि पानाला रंग तेच देते. मात्र ‘बाळ’ आहे की ‘वाळ’, ‘विष’ आहे की ‘विप’, हे ठरवणारी रेघ त्या टाइपात नेमकी केसाएवढी असते.

ती तशी का असते, याचे उत्तर बोरूत आहे. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. त्याने लिहिताना उजवीकडून वरून डावीकडे खाली येणारा फटकारा पूर्ण रुंदीने उमटतो आणि डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी रेघ टोकाच्या कडेवर चालत असल्याने अगदी बारीक होते. आडवी शिरोरेघ आणि उभा काना दोन्ही बऱ्यापैकी जाड येतात, आणि बारीकपणा तिरप्या रेघांच्या वाट्याला जातो. ‘ष’ आणि ‘ब’ यांच्या पोटातल्या रेघा नेमक्या त्याच दिशेने जातात. पुढे ही अक्षरे पोलादाच्या पंचावर, म्हणजे ठशावर, कोरली गेली आणि शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूत ओतली गेली, तेव्हा बोरू कधीच हातातून सुटला होता. पण त्याचा कल अक्षरात तसाच राहिला. आप्पांच्या भिंगाखाली उलटा ‘ष’ पाहताना मला तो लिहिलेला वाटत असे, ओतलेला वाटत नसे.

धातूच्या खिळ्यांत हे वळण ज्याने मराठी माणसाच्या डोळ्यांत कायमचे बसवले तो छापखाना मुंबईचा, निर्णयसागर. जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी तो १८६९ च्या सुमारास उभा केला, आणि त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी त्यासाठी अक्षरे कोरली. जावजींचे शिक्षण असे काही फारसे झालेले नव्हते. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ते लहान वयातच कामाला लागले आणि खिळा म्हणजे काय हे तिथे हाताने शिकले. निर्णयसागरची संस्कृत पुस्तके काशीपासून दक्षिणेपर्यंत गेली. त्यांचे पान उघडले की प्रथम जाणवतो तो काळ्या-पांढऱ्याचा तोल: जाड रेघ काळीभोर आहे, पण पान काळे झालेले नाही, कारण प्रत्येक अक्षरात कुठेतरी बारीक रेघेने उजेडाला वाट ठेवलेली आहे. एकाखाली एक रचलेली जोडाक्षरेही त्यात गुदमरत नाहीत. आमच्याकडे आजोबांची एक पोथी होती, तिचे पहिले पान गेले होते, त्यामुळे ती कोणत्या छापखान्याची हे सांगता येत नसे. पण आप्पा तिला ‘निर्णयसागरी’ म्हणत. त्यांच्या तोंडी ते विशेषण झाले होते, जसे आपण एखाद्या अक्षराला मोत्यासारखे म्हणतो.

जाड-बारीकाचा हा ध्यास युरोपातही होता, मात्र तिथे तो दुसऱ्या वाटेने आला. बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल (१७०६–१७७५) हा आधी सुलेखनाचा शिक्षक होता आणि रोगणकामात त्याने पैसा मिळवला होता. १७५७ साली त्याने व्हर्जिलच्या कवितांचे पुस्तक छापले, तेव्हा त्याच्या अक्षरांतल्या बारीक रेघा नेहमीच्या खडबडीत कागदावर उतरणार नाहीत हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने गुळगुळीत कागद मिळवला, शाई स्वतः बनवली आणि छापलेले ताव गरम पत्र्यांत दाबून घेतले. टाइप आधी आणि बाकीचा छापखाना त्याच्या मागून, असा तो उलटा प्रवास होता. लोकांनी त्याला नावे ठेवली. या अक्षरांनी देशातल्या वाचकांचे डोळे जातील, असे एक गृहस्थ बेंजामिन फ्रँकलिनपाशी म्हणाले. फ्रँकलिनने त्यांच्यापुढे जुन्या, सगळ्यांच्या सवयीच्या कॅस्लन टाइपाचा नमुना, वरचे नाव फाडून, बास्करव्हिलचा म्हणून ठेवला. आणि त्या गृहस्थांनी त्याच नमुन्यावर बोट ठेवून डोळ्यांना त्रास देणारे दोष एकेक करून दाखवले. ही हकिकत फ्रँकलिनने स्वतःच बास्करव्हिलला पत्राने कळवली. मुद्रितशोधनात मला असे गृहस्थ वरचेवर भेटतात, आणि खरे सांगायचे तर मीही अधूनमधून त्यांच्यातलीच होते.

पुढे पॅरिसच्या फर्मिन दिदोने आणि इटलीतल्या पार्मा शहरात जाम्बातिस्ता बोदोनीने (१७४०–१८१३) हा फरक टोकाला नेला. उभ्या रेघा खांबासारख्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेघा जवळजवळ दोऱ्यासारख्या. तिथे कल तिरपा राहिला नाही. जाडी सरळ उभी झाली, टोकदार लेखणी दाबली की रेघ फाकते आणि सोडली की मिटते तशी. बोदोनीच्या टाइपांचा मोठा नमुनाग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८१८ साली, त्याच्या विधवा पत्नीने दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यातले एखादे पान पाहिले की राजवाड्याच्या रिकाम्या दालनात उभे राहिल्यासारखे वाटते. या अक्षरांना मोकळी जागा लागते, रुंद समास लागतो, आणि शब्द मोजके लागतात. फॅशनच्या मासिकांनी आणि अत्तराच्या बाटल्यांनी ती उचलली यात नवल नाही. रोजच्या कामाला मात्र ती अवघड. रोमन ‘ई’ची आडवी रेघ छपाईत उडाली की तिचा ‘सी’ होतो. म्हणजे आमच्या ‘ष’चे दुखणे त्यांच्याकडेही आहे. शेवटी १८९४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ‘सेंच्युरी’ मासिकाचा मुद्रक थिओडोर लो डी व्हिने या बारीक रेघांना कंटाळला आणि लिन बॉइड बेंटनकडून त्याने असा टाइप करून घेतला, ज्यात घाट तोच राहिला पण केसासारख्या रेघांना थोडे अंग आले. तो टाइप मासिकाच्याच नावाने आजही चालतो. मला डी व्हिने हा माणूस आवडतो. त्याला सौंदर्य नको होते असे नाही. ते दर महिन्याला मासिकाच्या हजारो प्रतींत टिकायला हवे होते.

आप्पांची त्या रात्रीची चूक हीच, असे मला फार उशिरा कळले. टाइप सुंदर होता, पण जागा चुकली. हलका, लोकरीसारखा खरखरीत कागद, पातळ केलेली शाई, हजाराची छपाई आणि घासलेले खिळे या चारही गोष्टी बारीक रेघेच्या वैरी आहेत. वर्तमानपत्रे हे केव्हाच शिकली होती. रद्दीच्या भावाचा कागद आणि वेगाने फिरणारे यंत्र यांच्यापुढे ज्या टाइपाची बारीक रेघ थोडी दणकट तोच टिकला. हँडबिलाची गोष्ट वर्तमानपत्राहून वेगळी नव्हती. ते चालता चालता हातात पडते, गर्दीत वाचले जाते आणि संध्याकाळी त्यात भडंग बांधले जाते. त्याला शर्यतीचाच टाइप योग्य होता. पण आज मी जर तेव्हाच्या आप्पांच्या शेजारी उभी असते आणि तसे सांगितले असते, तर ते ऐकले नसते, आणि मला वाटते मीही फार आग्रह धरला नसता.

मग या टाइपाची खरी जागा कोणती? माझ्या मते, जिथे वाचणारा थांबणार आहे तिथे. पंचांगाचे मुखपृष्ठ, पोथी, कवितेचे पान, पुस्तकाचा आतला मथळा, मानपत्र, लग्नपत्रिका. मानपत्र हा शब्द मी मुद्दाम घालते, कारण आमच्या भागात निवृत्त होणाऱ्या प्रत्येक मास्तरांना मानपत्र मिळते आणि ते काचेत बसून पुढची तीस वर्षे सोप्यातल्या भिंतीवर राहते. आर्ट पेपरवर, मोठ्या मापात, दोन ओळींत भरपूर मोकळे सोडून हा टाइप लावला की ‘आदरणीय’ या शब्दाला खरोखरच थोडा आदर येतो. औषधाच्या बाटलीवर, बसच्या वेळापत्रकावर, वीजबिलाच्या मागच्या सूचनांवर तो घालणे म्हणजे पैठणी नेसून भात लावायला उतरणे.

मापाचीही गंमत होती. धातूच्या काळात १२ पॉइंटचा ‘ष’ आणि ४८ पॉइंटचा ‘ष’ हे एकाच चित्राचे लहान-मोठे ठसे नव्हते. प्रत्येक मापाचे पंच वेगळे कोरावे लागत आणि कोरणारा कारागीर लहान मापात बारीक रेघ हळूच जाड ठेवी, अक्षराच्या पोटातली जागा थोडी उघडी करी. मोठ्या मापात तो तिला हवी तेवढी नाजूक होऊ देई. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटत, आणि ते सारखे वाटावेत म्हणूनच वेगळे असत. संगणकात बहुतेक वेळा एकच चित्र असते आणि तेच ताणून किंवा आवळून वापरले जाते. मथळ्यासाठी काढलेले देखणे अक्षर तळटीपेत घातले की त्याच्या बारीक रेघा विरतात, आणि तळटीपेचे अक्षर फलकाएवढे केले की ते गावठी पैलवानासारखे दिसू लागते. लोक म्हणतात जुन्या छपाईत काहीतरी होते. जे होते त्यातले बरेचसे हे होते.

त्या रात्री मामाही रेघा ओढत बसले होते. ज्या भाषेच्या सक्तीविरुद्ध ते हँडबिल होते ती त्यांच्या घरची भाषा होती. यावर ते कधी काही बोलले नाहीत, आप्पांनीही कधी विषय काढला नाही. कामाच्या ठिकाणी काही गोष्टी न बोलूनच नीट राहतात. पण दीडशे-दोनशे रेघा झाल्यावर मामांनी एक कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर टाकाने कानडी ‘प’ काढला. मग त्याच्या पोटात एक छोटी रेघ ओढली. तो कानडी ‘ष’ झाला. ‘‘नम्मदरागू हंग ऐती,’’ ते म्हणाले, म्हणजे आमच्यातही असेच आहे. कानडीत शिरोरेघ नाही, बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर तलकट्टू नावाची छोटीशी खूण असते, आणि वळणे गोल. पाहणाऱ्याला दोन्ही लिप्यांत काही साम्य दिसत नाही. पण दोघींचे मूळ ब्राह्मीत आहे आणि ‘प’चे पोट फोडून ‘ष’ करण्याची युक्ती दोघींकडे राहिली आहे. ‘भाषे’ या कानडी शब्दातली ती रेघ उडाली, तर तिथेही भापेच होते. मामा आधी ज्या छापखान्यात होते तिथे एकदा तसे झालेही होते म्हणे.

मला कानडी छपाई वाचायला त्यांनीच शिकवले. मंगळूरच्या बासेल मिशनच्या छापखान्यात १८९४ साली छापलेल्या किट्टेल यांच्या कानडी-इंग्रजी शब्दकोशाची एक जीर्ण प्रत त्यांनी मला एकदा दाखवली होती. एवढ्या लहान मापात, एवढ्या गर्दीच्या पानावरही प्रत्येक ‘ष’चे पोट शाबूत होते. ते कसे जमले असेल, हे ते भिंग फिरवत पुन्हा पुन्हा पाहत असत.

आता आमच्या गावात अक्षरांविषयी बोलायचे म्हटले की लोक आधी पाट्यांविषयी बोलतात. २०१४ साली गावाचे सरकारी नाव बेळगावी झाले आणि २०२४ साली पाट्यांवर ६० टक्के कानडी असण्याचा कायदा आला. त्यातल्या हक्काविषयी आणि अन्यायाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी खडे बाजारातून चालताना माझ्या धंद्याच्या डोळ्याने पाहते, आणि मला दिसते ते असे, की पाटीवर मराठीला उरलेली जागा जितकी लहान होते तितका पेंटर किंवा फ्लेक्सवाला तिच्यातली बारीक रेघ आधी टाकून देतो. लहान पट्टीत, रस्त्याच्या पलीकडून वाचता यावे म्हणून, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या होतात. त्याचे चुकत नाही. मीही तेच केले असते. जुन्या सराफांच्या आणि शहापूरच्या लुगड्यांच्या काही दुकानांवर मात्र हाताने रंगवलेल्या पाट्या अजून आहेत, ज्यांत ‘ळ’ची गाठ भरदार आणि तिच्यातून निघणारी वळी अलगद बारीक होत गेलेली दिसते. कडेने सोनेरी सावली दिलेली असते. त्या पाट्यांखाली मी थोडी जास्तच रेंगाळते आणि दुकानदाराला वाटते की गिऱ्हाईक आले.

पडद्यावरच्या अक्षरांचे कारण आणखी निराळे. संगणकाचे पडदे जेव्हा जाड ठिपक्यांचे होते तेव्हा केसाएवढी रेघ दाखवायला त्यांच्याकडे जागाच नव्हती. रेघ एक ठिपका जाड होई किंवा नाहीशी होई, मधले काही नसे. विंडोजसोबत आलेला र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ हा टाइप अशा काळात सगळीकडे पोहोचला. त्यात जाड-बारीकाचा फरक बेताचा आहे, आणि त्याला नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की याच बेतामुळे आपल्याला मराठी पडद्यावर वाचता आली. आता पडदे बारीक ठिपक्यांचे झाले आहेत आणि जुने वळण परत येऊ शकते. फिओना रॉस आणि जॉन हडसन यांच्या ‘टिरो देवनागरी’ या टाइपाची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे आणि ती कोणालाही फुकट वापरता येते. तिच्यात आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली हीच रूपे प्रमाण ठरवली. तो निर्णय आमच्या बाजूला लागू होत नाही, पण इथल्या मराठी शाळांतल्या फळ्यांवर बाईंच्या हातून ‘ल’ला पाकळ्याच येत आल्या आहेत.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाची पत्रिका करायची होती आणि ते काम साहजिकच माझ्याकडे आले. मी टिरो निवडला, जाड हस्तिदंती कागद निवडला, आणि गणपत गल्लीच्या एका बोळातल्या डीटीपीवाल्या मुलाकडे दोन संध्याकाळी बसून मजकूर लावून घेतला. त्याने कानडी बाजू ‘नुडी’ या कानडी सॉफ्टवेअरात आधीच भराभर लावली होती. मराठी बाजूला त्याला प्रत्येक वेळी विचारावेसे वाटत होते की अक्षर थोडे बोल्ड करू का. घरच्यांना सोनेरी फॉइल हवे होते. फॉइल म्हणजे तापलेल्या ठशाने सोनेरी पन्नी कागदावर दाबून बसवणे. तिथे बारीक रेघेची परीक्षा खिळ्यांच्या काळाहून कठीण असते, कारण पन्नी एक तर रेघेवर धरत नाही किंवा धरली तर शेजारच्या पोकळीत पसरते. लग्नाची तिथी ज्येष्ठातली. ‘ज्येष्ठ’ या शब्दात ‘ष’ आणि त्याला खालून चिकटलेला ‘ठ’. मला पहिल्यापासून त्या एका अक्षराचीच धास्ती होती.

नमुना आला तेव्हा मुलाने तो माझ्यापुढे ठेवला आणि संगणकावर तेच अक्षर चारशे टक्के मोठे करून दाखवले. रेघ तिथे पडद्यावर ऐटीत होती, डावीकडून वरून उजवीकडे खाली, बोरूच्या कलाने. ‘‘आहे की ओ रेघ, मॅडम,’’ तो म्हणाला. मी काही न बोलता पत्रिका घेऊन दुकानाच्या दाराशी, उन्हात आले. फॉइल सरळ पाहिले तर नुसते चमकते, त्यामुळे ते तिरपे धरून पाहावे लागते. मी ती तिरपी केली, मग दुसऱ्या बाजूने तिरपी केली. तोही मागून आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागला. ‘ज्येष्ठ’मधल्या ‘ष’चे पोट सोन्याने भरून गेले होते, शेजारच्या ओळीतल्या ‘शुभाशीर्वाद’मधला ‘भ’ मात्र सुखरूप होता.

‘‘गेली की ओ,’’ तो हळूच म्हणाला आणि आत जाऊन खुर्चीवर बसला. त्याचा हात माउसवर, बोल्डच्या खुणेकडे निघाला होता.

‘‘जाड करू नकोस,’’ मी दारातूनच म्हणाले. ‘‘खालचा पत्ता एका ओळीत घे, आणि ही तिथीची ओळ चार पॉइंट मोठी कर.’’